झाड क्रमांक ३४७

विषय : मौजे बेलथडी, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ येथील नाल्याकाठच्या झाडीची वृक्षयादी. सदर यादीतील अनुक्रमांक ३४७ वगळण्याबाबत.

संदर्भ : विमलताईंचा तोंडी निरोप, माझा लेखी अर्ज, आणि प्रत्यक्ष स्थळपाहणी, जी मी केली नसती तर बरं झालं असतं.

१

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करतो की, मी छत्तीस वर्षे लिपिक होतो. त्यांपैकी एकवीस वर्षे अभिलेख कक्षात काढली, म्हणजे जिथे कागद मरायला येतात आणि मरत नाहीत तिथे. या काळात हजारो अर्ज माझ्या हातून लिहिले गेले. पहिली ओळ लिहिताना शेवट माहीत नाही, असं एकाही अर्जाच्या बाबतीत झालं नव्हतं. हा पहिलाच.

निवृत्तीनंतर वणीतल्या घरी मी सकाळी ओट्यावर पुस्तक घेऊन बसतो. लोकांना ते रिकामं बसणं वाटतं, म्हणून ते अर्ज लिहून घ्यायला येतात. फेब्रुवारीत विमलताई आल्या. बेलथडीच्या शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या. पांढरी साडी, कापडी पिशवी, आणि बोलणं असं की समोरच्याने आपोआप हाताची घडी घालावी.

बेलथडी राजूरच्या पलीकडे आहे. कोळशाची उघडी खाण गावापासून आता तीन शेतांवर आली आहे. कोळशाच्या वरची माती काढून कुठेतरी टाकावी लागते, आणि त्या कुठेतरीसाठी नाल्याकाठची अकरा एकर झाडी नेमली गेली. गावाने मोर्चा काढला, निवेदनं दिली, साखळी उपोषण केलं. उपोषण लिंबूपाण्यावर सुटलं आणि त्याचा फोटो पेपरात आला. त्यानंतर विमलताईंनी विहारातल्या तेरा जणांना बरोबर घेतलं, बहुतेक बायकाच, आणि रोज सकाळी सात ते साडेआठ त्या झाडीत जाऊन बसायला सुरुवात केली. आधी त्रिसरण, पंचशील. मग आनापान : श्वास आत येतो आहे, श्वास बाहेर जातो आहे, एवढंच पाहायचं. प्रत्येकाचं झाड ठरलेलं. त्याच्यापासून हातभर अंतरावर बसायचं, टेकायचं नाही. आणि बसण्याआधी ओल्या फडक्याने आपल्या झाडाची हाताला येतील तेवढी पानं पुसायची, कारण कोळशाची काळी भुकटी त्यांच्यावर रोज नव्याने बसते.

याने खाण थांबेल का, असं मी विचारलं.

"खानीचं मले नाई माहीत, नंदूभाऊ," विमलताई म्हणाल्या. "आमी थांबलो. कोनीतरी थांबाले पाह्यजे न."

बसून काम होतं हा सिद्धांत मी नोकरीभर आचरला होता. कार्यालयाबाहेर तो कोणी इतक्या गांभीर्याने मांडताना प्रथमच ऐकत होतो. हसू आलं, आणि त्यांना चहा दिला.

त्यांचं काम असं होतं. झाडी तोडण्याआधी मोजणी होते. प्रत्येक झाडाची साल थोडी तासतात, पांढरा पट्टा मारतात आणि त्यावर डांबराने नंबर घालतात. मग यादी ग्रामपंचायतीत लावतात. पंधरा दिवसांत कोणी चूक दाखवली तर फेरमोजणी करावी लागते, आणि यादी व जागा जुळेपर्यंत तोडीचा आदेश निघत नाही. विमलताईंना चूक हवी होती. चूक शोधायला त्या योग्य माणसाकडे आल्या होत्या, एवढं मी नम्रपणे नमूद करतो.

२

यादी बारा पानांची होती. एकूण झाडं ६१२. प्रत्येकापुढे जात, छातीच्या उंचीवरची गोलाई, अंदाजे उंची आणि शेरा. अक्षर सुवाच्य, बेरीज बरोबर. बरोबर बेरीज पाहून मी निराश झालो. मग गोषवाऱ्याच्या तळाशी एक ओळ दिसली : ‘जात ओळखू आली नाही – १’.

मोजणीवर रामसिंग होता. पंचवीस वर्षे हेच काम करणारा, सालीचा तुकडा नाकाला लावून झाडाचं नाव सांगणारा माणूस. साग, मोह, धावडा, बेहडा, तेंदू यांपलीकडे जिथे फारसं काही उगवत नाही, तिथे त्याला एक झाड ओळखू येऊ नये हे मला पटेना. नोंद काढली. अनुक्रमांक ३४७. गोलाई ८८ सेंटिमीटर. उंची साडेतीन मीटर. शेरा : ‘बुडाशी रुंद. निरोगी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली. मार्च लागला होता. सागाची पानगळ उरकलेली, मोहाचीही झालेली, आणि पायाखाली वाळल्या पानांचा एवढा आवाज की चोरून येणाऱ्याने या झाडीत येऊच नये. पलीकडे खाणीत डंपर मागे घेताना वाजणारी टुकटुक चालू होती. यादी हातात धरून मी नंबर पाहत निघालो. ३४५ साग. ३४६ साग. ३४८ मोह.

३४६ आणि ३४८ यांच्या मधे विमलताईंच्या तेरा जणांपैकी कांताबाई बसल्या होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगावर राखाडी शाल, पाठ माझ्याकडे. त्या शालीवर दोन खांद्यांच्या मधे पांढरा पट्टा होता आणि पट्ट्यावर डांबराने ३४७.

माझ्या कारकिर्दीत मी मेलेल्या माणसांना नोटिसा जाताना पाहिल्या आहेत आणि जिवंत माणसांना मेल्याचे दाखले मिळताना. पण बाईला झाड समजून मोजणीची फीत लावली, ही माझ्याही संग्रहात नसलेली वस्तू होती. मी तिथेच एका दगडावर बसलो आणि आवाज न करता पोटभर हसलो.

हसणं ओसरल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. साग उघडे होते, मोह उघडा होता. ऊन सगळीकडे सारखं पडलं होतं. फक्त कांताबाईंच्या अंगावर सावली होती. कवडशांची, हलणारी, पानांची असते तशी. मी ती पाहिली आणि नोंद घेतली नाही, कारण सावलीसाठी यादीत रकाना नव्हता.

साडेआठला विमलताईंनी पितळी घंटी वाजवली. कांताबाईंनी डोळे उघडले, गुडघे धरून हळूहळू उठल्या, आणि साधीसुधी खोकणारी म्हातारी झाल्या.

"मावशी, तुमच्या पाठीवर नंबर टाकलाय," मी म्हणालो.

"टाकला असन. त्या दिशी कोनी आलतं खरं. थोडं खाजवल्यावानी झालं."

"मग तुम्ही काही बोलला कशा नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं जशा दयेने मी अडाणी अर्जदारांकडे पाहत असे. "बसली होती न मी, बाबू."

३

अर्ज मी एका बैठकीत लिहिला. ‘अनुक्रमांक ३४७ हे झाड नसून श्रीमती कांताबाई आहेत, सबब सदर नोंद वगळावी व संपूर्ण फेरमोजणी करावी.’ सुचित्राला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवला. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "अहो, त्या बाईला लागलं नाही ना?"

ज्या कार्यालयात अर्ज दिला त्याचं नाव मी लिहीत नाही. आवक क्रमांक मिळाला. फेरमोजणीचं पत्रही आठवड्यात निघालं, त्यामुळे मला त्या कार्यालयाच्या प्रकृतीची काळजी वाटली.

मधल्या दिवसांत रामसिंग राजूरच्या फाट्यावर चहा पिताना भेटला. मी त्याला सलोख्याने म्हणालो की, चूक कोणाकडूनही होते. त्याने पेला खाली ठेवला.

"बाबूजी, बाई असती तं मले समजलं नसतं का? मी फीत लावली. दोन बोटं साल तासली. आतून ओली निंगाली. डिंक लागला हाताले, अजून गेला नाई." त्याने अंगठा दाखवला. अंगठ्यावर तपकिरी डाग होता. डाग कशाचाही असू शकतो.

मग जातीचा रकाना कोरा काहून ठेवला, असं मी विचारलं.

"वास घेतला, का नाव येते तोंडात. पंचवीस वर्सं असंच येऊन राह्यलं. त्या दिशी वास घेतला अन् तोंडात एका बाईचं नाव आलं. आता यादीत बाईचं नाव लिहू का मी?"

कोणतं नाव, हे मी विचारलं नाही. विचारल्याने माहिती वाढते, आणि माहिती वाढली की अर्ज बिघडतो. शाल जाड होती, रामसिंग घाईत होता, शेजारी मोह होता. एका झाडाची साल तासून दुसरीकडे नंबर मारला असेल. घरी येईपर्यंत मी हे इतक्या वेळा म्हटलं की ते पाठ झालं. मात्र शाल कुठेच फाटलेली नव्हती, आणि ३४८ च्या मोहावर तासल्याची खूण एकच होती, त्याच्या स्वतःच्या नंबराखाली.

४

फेरमोजणीत ३४७ निघाला नाही. उलट शेवटी सहा नवे नंबर लागले, ६१३ ते ६१८. सहाही ‘जात ओळखू आली नाही’. एकूण झाडं ६१८.

मोजणी सकाळी साडेसातला झाली होती. मी विमलताईंना म्हणालो की मोजणीवाले आले तेव्हा तुमच्यातलं कोणीतरी उठून उभं राहायला हवं होतं. एवढ्याने प्रकरण मिटलं असतं. त्या म्हणाल्या की घंटी साडेआठला होते. मी म्हणालो, नियमाला अपवाद असतो. त्या म्हणाल्या, "तुमच्या हापिसात असन."

तेव्हा मी ठरवलं की पुरावा गोळा करायचा. त्यासाठी रोज सकाळी मीही त्यांच्यात बसू लागलो. हे ध्यान नव्हतं, पाहणी होती. ३५१ चा बेहडा मला देण्यात आला, आणि एक फडकं.

पहिले तीन दिवस मुंग्या, गुडघे आणि मनातल्या मनात लिहिलेली तक्रारपत्रं यांत गेले. चौथ्या दिवशी तक्रारपत्र अर्ध्यात थांबलं. श्वास आत आला, बाहेर गेला. मी आयुष्यभर ज्या वस्तूची आवक-जावक नोंदवली नव्हती ती हीच, असं वाटून थोडी लाजही आली. पानं पुसणं सुरुवातीला मला वेडेपणा वाटे. बेहड्यावर शिल्लक होती तीच पानं, काळी, पुसली की हिरवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी. अकरा एकरांत पंधरा फडकी. मी ज्यांची थट्टा करत होतो त्यांच्यापैकी एकही बाई या कामाला कंटाळली नव्हती, कोणी घोषणा देत नव्हतं, कोणाला फोटो नको होता. खाणीत सुरुंग उडाला की जमीन हले, माझे डोळे उघडत, आणि मला चौदा पाठी दिसत, पैकी एकही हललेली नसे. असं धैर्य मी कोणत्याही मोर्चात पाहिलं नाही. हे मी लेखी देतो.

पण पाहणीत दोन गोष्टी आल्या, त्या लपवणं बरोबर नाही.

पहिली. शांत बसल्यावर सगळ्यांचे श्वास ऐकू येतात, आणि काही वेळाने ते एकत्र होतात. त्या एकत्र आवाजाला सळसळ म्हणावं लागेल. वाऱ्याने भरल्या झाडाची होते तशी. वर झाडांवर सळसळण्याइतकी पानं नव्हती. तो आवाज वरूनच येत होता.

दुसरी. एकदा सातभाईंचा थवा कलकलाट करत आला. त्यातला एक पक्षी कांताबाईंच्या खांद्यावर बसला. म्हातारी हलली नाही, याचं मला कौतुक वाटलं. मग त्याने उडी मारली आणि त्यांच्या डोक्याच्या हातभर वर बसला. मग आणखी वर. तिथे बसून त्याने चोच पुसली, दोन्ही बाजूंनी, फांदीवर पुसतात तशी.

विमलताईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की डोळे मिटलेले असावेत. मी सूचनेचं पालन केलं.

५

एप्रिलमध्ये चारुदत्त नावाचे अधिकारी स्वतः पडताळणीला येणार असं पत्र आलं. आदल्या दिवशी मी त्यांना भेटलो. तरुण, सभ्य, डोळ्यांखाली काळं. त्यांनी फाईल माझ्यापुढे ठेवली आणि साध्या मराठीत बोलले, म्हणजे खरं बोलले.

ते म्हणाले की वरून विचारणा आहे. जातीचा रकाना कोरा असलेली यादी मंजूर होत नाही. आता उपाय दोन. हरकतदाराने, म्हणजे मी, या सात नोंदी माणसांच्या आहेत असं प्रतिज्ञेवर लिहून द्यावं. त्या वगळल्या की ६११ झाडांची यादी बिनचूक होते आणि आदेश त्याच दिवशी निघतो. नाहीतर कोणीतरी त्या रकान्यात काहीतरी जात भरेल. मग यादी आहे तशीच मंजूर होईल.

"आहे तशी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे यादीत जेवढे नंबर आहेत तेवढे पाडायचे, काका. मशीनवाल्याला नंबर दिसतो. तो जात विचारत नाही."

मी बाहेर आलो आणि स्कूटरवर बराच वेळ किल्ली न लावता बसून राहिलो. झाडी वाचवण्यासाठी ज्या अर्जाचा मी अभिमान बाळगला, तोच पूर्ण केला की झाडी जाणार होती. न केला तर रोज सकाळी सातला नंबर लावून बसलेल्या सात बायका यादीत राहणार होत्या.

मग मी स्वतःला सांगितलं की या सगळ्याचा निकाल उद्याच लागेल. मी तिथे बसेन. रामसिंग माझ्याजवळ आला की उठून उभा राहीन आणि अधिकाऱ्यांसमोर विचारेन, हे काय झाड आहे का? चूक रंगेहाथ पकडायची. नोकरीत हे मला कधी जमलं नव्हतं.

सात वाजता बसलो. श्वास आत, श्वास बाहेर. डंपरची टुकटुक हळूहळू लांब गेली. पावलं ऐकू आली, वाळल्या पानांवर, दोन माणसांची. ती माझ्यापाशी थांबली.

छातीभोवती फीत आली. शर्टावरून, पण गारवा आत लागला. कोणीतरी म्हणालं, "सत्त्याण्णव." बरोबर आहे, शिंपीही तेवढंच सांगतो. उठायची हीच वेळ होती. मला ते आठवत होतं. पण उठायचं म्हणजे कोणी, हा प्रश्न त्या क्षणी असा दूर होता जसा दुसऱ्या टेबलावरचा कागद.

"नीट बघ," चारुदत्त म्हणाले. "हात लावून बघ."

माझ्या बरगड्यांवर बोटांच्या पेरांनी टकटक झाली. दोनदा. कान लागला, केसांसकट. "भरीव आहे साहेब," रामसिंग म्हणाला. छत्तीस वर्षांच्या सेवेत माझ्याबद्दल असा शेरा कोणी दिला नव्हता.

मग त्याने कमरेची कुऱ्हाड काढली. तो आवाज मी ओळखला. तेव्हाही मी बोललो नाही. बोलता येत नव्हतं असं नाही. बोलावंसं वाटलं नाही, आणि मला त्या गोष्टीची भीतीही वाटली नाही. ती भीती मला नंतर वाटली आणि अजून वाटते.

"राहू दे," चारुदत्त म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "तासू नकोस. नुसता रंग लाव. उंची?"

मी डोळे उघडले. रामसिंग माझ्यासमोर चार पावलांवर उभा होता. मी बसलेला माणूस; माझी उंची पाहायला त्याने मान खाली घालायला हवी होती. त्याने ती वर केली. आणखी वर केली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून पानांची सावली हलत गेली.

"चार मीटर," तो म्हणाला. "थोडं जास्तच."

चारुदत्तही वर पाहत होते. तोंड किंचित उघडं, लहान मुलाचं असतं तसं.

मी वर पाहिलं नाही.

६

त्या दिवशी ६१९ ते ६२६ हे नंबर लागले. मी ६१९. ६२६ विमलताई. पडताळणीच्या अहवालात चारुदत्तांनी एवढंच लिहिलं : ‘यादी जागेवर जुळते.’ पुढल्या आठवड्यात ते रजेवर गेले.

सुचित्राने शर्ट तीन वेळा धुतला. चौथ्या वेळी घडी घालत म्हणाली, "शर्टावरचा गेला."

"शर्टावरचा म्हणजे?" मी विचारलं.

तिने चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला, आणि जाता जाता माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, हात टेकवला. लग्नाला एक्केचाळीस वर्षे झाली. इतक्या हळू तिने मला कधी हात लावला नव्हता. मग तिने तो हात नाकापाशी नेला आणि आत निघून गेली.

आम्ही पंधरा जण विहारात बसलो आणि मी सगळं सांगितलं. प्रतिज्ञापत्र लिहिलं तर आपण सुटतो, झाडी जाते. नाही लिहिलं तर कोण कधी त्या रकान्यात काय भरेल ते सांगता येत नाही, आणि मशीन आलं तर ते सकाळीच येईल. मी म्हणालो, निदान त्या काळात बसायला दुसरी जागा पाहा. विहार आहे, शाळा आहे.

विमलताई इतरांकडे पाहत राहिल्या. त्यांनी कोणावर काही लादलं नाही. बोलल्या त्या कांताबाई.

"नंबर त्यायनं टाकला. आता आमी उठून गेलो तं बाकीच्यायनं कुठी जाव? त्यायले उठता येते का?"

कोणीतरी फडकी पिळायला बाहेर गेलं. मी आजवर ज्यांना ‘अर्जदार’ म्हणत आलो त्यांच्यात आणि माझ्यात टेबलाएवढं अंतर असायचं. त्या दिवशी ते टेबल कुठे गेलं कळलं नाही.

घरी येऊन मी प्रतिज्ञापत्राचा कोरा कागद काढला. ‘मी प्रतिज्ञेवर सांगतो की मी’ एवढं लिहिलं. पुढचा शब्द सोपा होता. मी पेन बराच वेळ धरून ठेवलं आणि मग कागद फाडला. मी नोकरीत एकदाही खोटं लिहून दिलं नाही, आणि ते वाक्य खरं आहे की नाही याची मला तेव्हा खात्री नव्हती.

७

सबब मी दुसरा अर्ज केला. त्याची स्थळप्रत, म्हणजे नक्कल, जवळ आहे. विषय पूर्वीचाच, फक्त मागणी बदलली. ‘अनुक्रमांक ३४७ व ६१३ ते ६२६ या पंधरा नोंदींची जात केवळ सालीवरून ठरवू नये. सदर झाडांस फूल व फळ येईपर्यंत वाट पाहावी, तज्ज्ञाकडून ओळख करून घ्यावी, व तोपर्यंत यादीतील कोणत्याही नोंदीस हात लावू नये.’ खाली सही केली. नावापुढे पत्ता लिहायचा असतो. तिथे मी वणीचं घर लिहिलं, आणि विचार करून त्याच्याखाली लिहिलं : ‘दररोज सकाळी सात ते साडेआठ जागेवर.’

अर्ज मेच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल झाला. चारुदत्तांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. जातीचा रकाना कोरा आहे. शिपायाला विचारून मी दर सोमवारी खात्री करतो. रामसिंगने मोजणीचं काम सोडलं. तो आता कधीकधी झाडीच्या कडेला येऊन उभा राहतो, आत येत नाही. खाण दोन शेतांवर आली आहे. पानं आम्ही पुसतो.

आणखी एक बाब माहितीस्तव सादर. गेल्या आठवड्यापासून कांताबाईंच्या शालीवर मुंग्या चढतात. गोडाला येतात तशा रांगेने येतात, पाठीवरून वर जातात, डोक्याच्या वर जातात. परतताना प्रत्येकीच्या तोंडात पिवळं काहीतरी असतं. मी विमलताईंना दाखवलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या की हे कार्यालयाला आत्ताच कळवायची गरज नाही.

मी कळवलेलं नाही.

अर्ज प्रलंबित आहे.